छत पुसायला चढले आणि पंप उघडून बसले

मार्च उजाडला की इंग्लंडमध्ये घरांसमोर उभ्या असलेल्या मोटरहोमवरची, म्हणजे चाकांवरच्या घरांवरची, हिवाळी आच्छादनं निघू लागतात. ईस्टरच्या सुट्टीत गाडी बाहेर काढायची असते. मालक म्हणतो, "आज फक्त छतावरची खिडकी पुसून घेतो, अर्ध्या तासाचं काम." शिडी लागते. वर गेल्यावर खिडकीच्या कडेचं सीलंट एका जागी तडकलेलं दिसतं. पाणी आत गेलं असेल का, हे बघायला तो खाली उतरतो. छत कोरडं असतं, पण कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात प्लायवूड बोटाला मऊ लागतं. नीट बघायचं म्हणून कपाट रिकामं होतं. मागे पाण्याच्या नळ्या असतात आणि एका जोडावर पांढरट क्षार जमलेला असतो. गळतंय का ते कळावं म्हणून तो पंपाचं बटण दाबतो, तर पंप कण्हतो आणि दिवे मंद होतात. म्हणजे आता बॅटरी बघणं आलं!

संध्याकाळी सहा वाजता बाकड्याच्या फळ्या अंगणात असतात, बॅटरी चार्जरला लागलेली असते, पंपाचे चार स्क्रू चहाच्या कपात पडलेले असतात आणि छतावरच्या खिडकीवर शेवाळ जसंच्या तसं असतं. करायला गेलो गणपती, झाला मारुती, असं आपण म्हणतो. इथे तो मारुतीही अर्धाच झालेला असतो.

मोटरहोम बाळगणाऱ्या बहुतेकांना असा दिवस ओळखीचा आहे. बघणाऱ्याला वाटतं, माणूसच चंचल, एक काम धड करत नाही. यात तथ्य आहे, पण अर्धंच. उरलेला अर्धा दोष गाडीच्या घडणीत आहे. कोणता भाग कोणाचा हे कळलं, तर दिवस कुठे गेला तेही कळतं.

सात मीटरांत अख्खा संसार

युरोपात मोटरहोम बनवताना बहुतेक वेळा फियाट डुकाटोसारख्या मालवाहू व्हॅनचा पाया घेतात. त्या चासीवर दुसरी कंपनी घराचा सांगाडा चढवते. आतला हीटर तिसऱ्या कंपनीचा, फ्रीज चौथीचा, पंप पाचवीचा. सहा-सात मीटर लांबीत झोपायची जागा, ओटा, संडास, शॉवर आणि कपाटं बसवायची असतात. आपल्या घरात विजेचा बोर्ड दाराशी, सिलिंडर ओट्याखाली, पाण्याची टाकी गच्चीवर अशी प्रत्येकाची वेगळी जागा असते. इथे एकाच बाकड्याच्या पोटात पाण्याची टाकी, पंप, गरम हवेची नळी आणि बॅटरीच्या तारा एकमेकांना खेटून बसलेल्या असतात.

वीजही दोन प्रकारची. दिवे आणि पंप १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, तर कॅम्पसाइटवर तार जोडली की २३० व्होल्टची वीज मिळते. ब्रिटनमध्ये गाडीच्या तपासण्याही दोन असतात. ब्रेक, दिवे, चाकं यांची सरकारी नियमानुसार होणारी एक आणि गॅस, वीज, पाणी, वायुवीजन व ओल यांची वेगळी, तिला 'हॅबिटेशन चेक' म्हणतात.

अशा गाडीत काम करताना माणूस तीन तऱ्हांनी आडवाटेला लागतो. पहिली आडवाट अडचणीची. पंपापर्यंत हात पोचवायचा तर आधी गादी, मग फळी, मग टाकी हलवावी लागते आणि हलवताना टाकीची क्लिप तुटते. दुसरी मागाची. लक्षण एका जागी असतं, कारण दुसरीकडे, त्यामुळे माग काढत जावं लागतं. तिसरी नजरेची. हातातल्या कामाशी काही संबंध नसलेली गोष्ट दिसते आणि हात तिकडे वळतो. पहिल्या दोन गाडी घडवते, तिसरी आपलं डोकं. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात, म्हणून सगळ्याच आळसाच्या किंवा चंचलपणाच्या खात्यावर जमा होतात.

पाणी शिरतं एकीकडे, दिसतं भलतीकडे

मागाच्या वाटेचा सर्वांत मोठा नमुना म्हणजे ओल. मोटरहोमची भिंत थरांची असते. बाहेर ॲल्युमिनियमचा किंवा फायबरग्लासचा पत्रा, मध्ये फोम, आत पातळ प्लाय. जुन्या गाड्यांत या थरांमध्ये लाकडी पट्ट्यांचा सांगाडाही असतो. या भिंतीला खिडकी, दार, हवेची जाळी, दिवा यांसाठी भोकं पाडावी लागतात आणि प्रत्येक भोकाच्या कडेला सीलंट भरावं लागतं. गाडी रस्त्यावर हादरते, उन्हात तापते, थंडीत आक्रसते. धातू, फायबर आणि लाकूड यांचं प्रसरण सारखं नसतं, त्यामुळे ताण त्या सीलंटच्या रेघेवर येतो. काही वर्षांनी ते कडक होतं आणि केसाएवढी भेग पडते.

आत शिरलेलं पाणी सरळ खाली ठिपकत नाही. पट्टीच्या कडेनं सरकत ते सोयीच्या जागी थांबतं. म्हणून गळती छताच्या पुढच्या कोपऱ्यात आणि मऊ प्लाय मागच्या कपाटात, असं होऊ शकतं. मालक कपाट रिकामं करतो तेव्हा तो भरकटलेला नसतो. तो पाण्याच्याच मार्गानं उलटा चाललेला असतो.

ओल मोजायला दोन टोकदार पिनांचं मीटर वापरतात. ओल्या लाकडातून वीज सहज वाहते, कोरड्यातून कष्टानं, या फरकावरून ते टक्के दाखवतं. साधारण १५ टक्क्यांपर्यंत निर्धास्त, १५ ते २० मध्ये लक्ष ठेवायचं आणि त्याच्या वर गेलं की कारण शोधायचं, असा तपासनिसांचा ढोबळ हिशोब. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्या इकडेही थोड्याफार दिसतात. कोकणातल्या पावसात उभ्या राहणाऱ्या गाडीला सीलंटची ही रेघ इंग्लंडइतकीच महत्त्वाची.

रात्री टर्र वाजणारा पंप

दुसरं उदाहरण पंपाचं. अनेक मोटरहोममध्ये पंपाला दाबावर चालणारं बटण असतं. नळ उघडला की नळीतला दाब पडतो, पंप सुरू होतो. नळ बंद केला की दाब भरतो, पंप थांबतो. आता रात्री सगळे झोपलेले असताना, नळ बंद असताना पंप क्षणभर टर्र करून गप्प बसला, तर त्याचा अर्थ कुठून तरी दाब निसटतोय. बऱ्याचदा ती थेंबाथेंबाची गळती असते.

ती गळती कुठे, हे पंप सांगत नाही. ओट्याखालचा जोड, शॉवरचा नळ, गरम पाण्याच्या टाकीचा निचरा, संडासाची फ्लश, सगळे संशयित. त्यातही थंड प्रदेशात पहिला संशय शॉवरच्या मिक्सर नळावर. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. हिवाळ्यापूर्वी टाकी रिकामी केली तरी मिक्सरच्या पोटात घोटभर पाणी राहतं आणि तेवढं प्लास्टिक तडकवायला पुरतं. म्हणून जाणकार निचरा करताना नळाची दांडी मधोमध उघडी ठेवतात. ती गारकडे ठेवली तर गरम पाण्याची नळी भरलेली राहते, गरमकडे ठेवली तर गार पाण्याची.

या शोधात कपाटं उघडतात, पॅनेल निघतात, कोरडा टिश्यू पेपर प्रत्येक जोडाभोवती गुंडाळून बघितला जातो. चार तासांनी सापडतं ते एक दबलेलं वायसर. किंमत नगण्य, दिवस संपलेला.

फ्रीज गार होईना

मोटरहोममधला पारंपरिक फ्रीज घरच्यासारखा नसतो. त्यात कॉम्प्रेसर नसतो, फिरणारा कुठलाच भाग नसतो. १९२२ मध्ये स्टॉकहोममध्ये बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही रचना शोधली. अमोनिया पाण्यात विरघळलेला असतो. खालून उष्णता दिली की तो वाफ होऊन वेगळा होतो, वर जाऊन थंडावतो, द्रव होतो. पुढे हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याची पुन्हा वाफ होते आणि ती होताना फ्रीजच्या आतली उष्णता ओढून घेते. मग तो परत पाण्यात विरतो. लागते फक्त उष्णता, मग ती गॅसच्या ज्योतीची असो की विजेची. म्हणून जंगलात, तारेशिवायही हा फ्रीज चालतो.

पण ही सगळी ये-जा गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर चालते. गाडी फार तिरकी उभी असेल तर द्रव अडतो आणि गारवा थांबतो. फ्रीज चालत नाही म्हणून आलेला माणूस त्यामुळे आधी चाकाखाली ठोकळे सरकवायला जातो. चाकाशी वाकल्यावर टायरच्या बाजूवरचे चार आकडे दिसतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. मोटरहोम वर्षातले बरेच दिवस उभी असते, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. रबराला बारीक चिरा पडलेल्या असतात.

फ्रीज आता मागे पडला. टायरवाल्याला फोन लागलेला असतो. खरं कारण कदाचित बर्नरपाशी आहे. महिनोन्‌महिने बंद असलेल्या बर्नरच्या तोंडाशी काजळी धरते, कोळी जाळं विणतो आणि ज्योत नीट लागत नाही. ते काम गॅसच्या जाणकाराचं आहे. त्याला बोलवायचं राहून गेलं, एवढंच.

ठोकळे लावणं ही मागाची वाट होती. टायर बघणं ही नजरेची. दोन्हींमध्ये अंतर होतं एका वितीचं.

कुकरच्या शिट्ट्या आणि सात पायऱ्या

आता डोक्याकडे वळू. कुकर लावलाय, दोन शिट्ट्या झाल्यात आणि फोन वाजतो. अर्ध्या मिनिटात बोलणं संपतं. पुढची शिट्टी होते. ही तिसरी की चौथी? मध्ये एक झाली होती की आपल्याला वाटलं? डाळीशी फोनचा काही संबंध नव्हता, तरी मोजदाद विस्कटते. क्रमानं करायच्या कामात आपण नेमके कोणत्या पायरीवर आहोत, ही नोंद मेंदू फार कच्च्या पाटीवर ठेवतो.

ही पाटी किती कच्ची आहे, हे एरिक आल्टमन, ग्रेगरी ट्रॅफ्टन आणि डेव्हिड हॅम्ब्रिक यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मोजलं. लोकांना संगणकावर सात पायऱ्यांचं काम ठरलेल्या क्रमानं करायला दिलं आणि मधूनमधून दोन-चार अक्षरं टाइप करायला लावून व्यत्यय आणला. सरासरी २.८ सेकंदांच्या व्यत्ययानंतर क्रमाच्या चुका दुप्पट झाल्या, ४.४ सेकंदांनंतर तिप्पट. माणसं हात चालवायचं विसरली नव्हती. ती चुकीच्या पायरीवर परतली होती.

आल्टमन आणि ट्रॅफ्टन यांनी २००२ मध्येच याची उपपत्ती मांडली होती. डोक्यातलं प्रत्येक उद्दिष्ट वापरात असेपर्यंत ताजं राहतं, बाजूला पडलं की फिकट होत जातं. ते पुन्हा ताजं करायला समोर काहीतरी खूण लागते. मोटरहोममध्ये अडचण अशी की समोरच्या खुणा सतत नव्या कामाच्या असतात. छतावरची खिडकी आतून कपाटाकडे तोंड करून बसलेल्या माणसाला दिसत नाही. मऊ प्लाय दिसतो, क्षार दिसतो, मंद दिवा दिसतो. जे दिसतं ते ताजं आणि जे ताजं ते हातात.

मग अर्धवट काम मनात टोचत राहतं, त्याचं काय? बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये लोकांना मातीच्या आकृत्या, पुठ्ठ्याचे डबे, कोडी अशी छोटी कामं देऊन निम्मी मध्येच थांबवली. थांबवलेली कामं लोकांना जास्त आठवली. पुढच्या संशोधकांना हा निष्कर्ष प्रत्येक वेळी मिळाला नाही. त्यांच्याच सहकारी मारिया ओव्हसियांकिना यांचं १९२८ मधलं निरीक्षण मात्र अधिक टिकाऊ ठरलं. संधी मिळताच माणसं अर्धवट सोडलेल्या कामाकडे आपणहून परत जातात. अंगणात सात कामं उघडी पडली असतील, तर ही ओढही सात दिशांना असते. माणूस दिवसभर धावपळ करतो आणि एक ना धड भाराभर चिंध्या असा हिशोब उरतो.

४७ स्क्रू

मोटरहोमच्या अंगणात याची किंमत बहुधा एका वाया गेलेल्या रविवारची असते. देखभालीचं काम मध्येच तुटण्याची खरी किंमत विमानसेवेनं मोजली आहे.

११ सप्टेंबर १९९१ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ईगल लेकजवळ कॉन्टिनेंटल एक्स्प्रेसचं एम्ब्रेअर १२० जातीचं विमान कोसळलं. विमानातले सर्व १४ जण दगावले. आदल्या रात्री शेपटीच्या आडव्या पंखावरची बर्फरोधक पट्टी बदलायचं काम काढलं होतं. एका पाळीच्या लोकांनी डाव्या बाजूच्या पुढच्या कडेचे वरचे स्क्रू काढले. पाळी बदलली. त्या बाजूचं काम उघडं आहे, ही गोष्ट पुढच्या पाळीपर्यंत पोचलीच नाही. ४७ स्क्रू परत बसवले गेले नाहीत आणि खालून बघणाऱ्याला वरची रिकामी भोकं दिसत नव्हती. सकाळी विमान उडालं. नंतरच्या फेरीत ती कडा उखडली.

कामगार नवशिके नव्हते. काढलेला स्क्रू आणि तो काढल्याची नोंद यांची ताटातूट झाली होती. घरच्या अंगणात पाळी बदलत नाही, पण सकाळी चाक काढणारा आणि दुपारी चहा पिऊन गॅसच्या नळीकडे वळणारा माणूस, स्मरणाच्या दृष्टीनं, दोन पाळ्यांचाच असतो. चाकाचे नट हातानं फिरवून ठेवले आणि पाना मारायचा राहिला, तर हबकॅप लावलेलं चाक बाहेरून व्यवस्थितच दिसतं.

कुठली वाट आता, कुठली नंतर

सगळ्याच आडवाटा टाळायच्या ठरवल्या तर ओल सापडणार नाही. ती तर बहुतेक वेळा दुसरंच काही करताना सापडते. म्हणून अनुभवी लोक वाट सोडत नाहीत, तिची प्रतवारी करतात. गॅसचा वास, ब्रेक, चाक, तापलेली तार, चालू असलेली गळती दिसली की हातातलं काम थांबवायचं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साठतो. म्हणून तर अशा गाड्यांच्या तळाला तो निघून जाण्यासाठी मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. ती चटईखाली झाकली गेलेली दिसली, तर खिडकी दुसऱ्या दिवशी पुसली तरी चालते. गॅस आणि २३० व्होल्टच्या जोडण्या उघडायच्या मात्र प्रशिक्षित माणसानंच.

बाकी सगळं कागदावर. याला प्रयोगाचा आधार आहे. ई. जे. मासिकाम्पो आणि रॉय बाउमायस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं की अपुरं उद्दिष्ट पुढच्या कामात लुडबुड करतं, पण ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत आखला की ही लुडबुड थांबते. काम पूर्ण व्हावं लागत नाही. 'टायर बघणे' एवढं लिहून भागत नाही. 'पुढचा डावा टायर, २०१९चा, शनिवारी सकाळी दुकानात' असं लिहिलं की डोकं तो विषय सोडतं.

आणि उघड्या कामावर डोळ्याला दिसेल अशी खूण. रंगीत चिकटपट्टी नळावर, टाकीच्या झाकणावर, स्टिअरिंगवर. काढलेले स्क्रू चहाच्या कपात टाकण्याऐवजी ज्या भोकातून काढले त्याच्याच शेजारी पट्टीनं चिकटवायचे. जो भाग निघाला त्याचा आधी मोबाइलवर फोटो. उठण्यापूर्वी पुढची पायरी एका ओळीत लिहायची, कारण परत येणाऱ्या माणसाला ती आठवेलच असं नाही.

थोडक्यात

- मोटरहोममध्ये पाणी, गॅस, दोन प्रकारची वीज आणि फर्निचर एकमेकांना खेटून असतात. एका भागापर्यंत पोचायला दुसरा काढावा लागतो.
- ओल, गळती, मंद दिवे यांचं लक्षण आणि कारण वेगवेगळ्या जागी असतं. माग काढणं हा कामाचाच भाग आहे.
- हातातल्या कामाशी संबंध नसलेली, नुसती नजरेला पडलेली गोष्ट तारीख आणि जागा घालून लिहून ठेवावी. गॅस, ब्रेक, चाक, तापलेली तार आणि चालू गळती याला अपवाद.
- क्रमाच्या कामात तीन सेकंदांचा व्यत्ययही चुका दुप्पट करू शकतो. मध्ये उठावं लागलं तर परतल्यावर एक पायरी मागून सुरुवात करावी.
- चाक काढून बसवलं असेल तर नट ठरलेल्या जोरानं आवळावेत आणि सुमारे ५० किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा एकदा टॉर्क पान्यानं तपासावेत.